जुनी फेंडर की नवा बॉक्स : एका बेसवादकाच्या खरेदीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातील एका बेसवादकाचे, म्हणजे खालच्या सुरांची बेस गिटार वाजवणाऱ्याचे, आहे. वाद्यदुरुस्ती आणि वाद्यांची जुळणी हे माझे काम असल्यामुळे त्यातील तपासणी आणि किंमत ठरवणे माझ्याकडे आले. संबंधितांची ओळख पटेल असे तपशील येथे वगळले आहेत.

वादकाचे वय चाळिशीच्या आसपास. मराठी-हिंदी गाण्यांच्या वाद्यवृंदात तो नियमित वाजवतो. गणेशोत्सवापासून दिवाळीपर्यंत मंडळांचे आणि सोसायट्यांचे कार्यक्रम असतात, त्यानंतर लग्नसराई असते आणि मधल्या काळात नाट्यगृहांतील कार्यक्रम असतात. त्याच्याकडे इंडोनेशियात तयार झालेली, फेंडर या अमेरिकी कंपनीच्या जॅझ बेस या नमुन्याच्या धर्तीची चार तारी गिटार होती आणि बारा इंची एक स्पीकर असलेला ६० वॉटचा काँबो ॲम्प (ॲम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात) होता. नाइटच्या, म्हणजे कार्यक्रमांच्या, पैशांतून बाजूला काढलेले १,५०,००० रुपये त्याच्या हाताशी होते आणि हंगाम सुरू होण्यापूर्वी वाद्य बदलायचे असे त्याने ठरवले होते.

त्याच सुमारास त्याच्या गुरूंच्या पत्नीने त्याला घरी बोलावले. गुरूंनी १९७० आणि १९८०च्या दशकांत मुंबईतील ध्वनिमुद्रणांत बेस वाजवला होता. त्यांच्या निधनानंतर त्यांची फेंडर प्रिसिजन बेस कपाटावर पडून होती. काकूंचे म्हणणे सरळ होते : "अरे, तू त्यांचाच शिष्य. तूच घे, आणि तुला जमेल ते दे." मात्र त्यांच्या मुलाने इंटरनेटवर पाहून वडिलांच्या गिटारीची किंमत पाच-सहा लाख असल्याचे सांगितले होते. परिणामी घरातच दोन आकडे तयार झाले. काकूंच्या मनात कोणताही आकडा चालण्यासारखा होता आणि मुलाच्या मनात पाच लाखांखालचा कोणताही आकडा फसवणुकीचा होता.

अडचण

वादक माझ्याकडे आला तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला : ही फेंडर कितीला घ्यावी? बोलता बोलता त्या एका प्रश्नात तीन वेगळे प्रश्न गुंतलेले दिसले आणि ते वेगळे केल्याशिवाय कशाचेच उत्तर देणे योग्य नव्हते.

पहिला प्रश्न त्याच्या आवाजाचा होता. रंगमंचावर बेस ऐकू येत नाही, नुसती गुरगुर येते, साउंडवाला दर वेळी "तुमच्या गिटारीत दम नाही" म्हणतो, अशी त्याची तक्रार होती. दोष गिटारीचाच आहे असे त्याने धरले होते; पण ते कोणी तपासलेले नव्हते. दुसरा प्रश्न त्या जुन्या वाद्याच्या बाजारातील मोलाचा होता. तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक होता : घेणारा शिष्य, देणारी गुरुपत्नी आणि वाद्याची जाण फक्त घेणाऱ्याला, अशा स्थितीत किंमत कोणी ठरवायची?

पहिला निर्णय : किंमत कोणी सांगायची

वादकाच्या मनात साठ हजारांचा आकडा होता. काकूंनी तो निःशंकपणे मान्य केला असता. त्याचा हेतू वाईट नव्हता. त्याला खरोखरच तेवढीच किंमत वाटत होती. परंतु विकत घेणाऱ्याने विकणाऱ्याला किंमत सांगावी आणि विकणाऱ्याकडे ती पडताळण्याचे कोणतेही साधन नसावे, हा व्यवहार हेतू शुद्ध असला तरी न्याय्य होत नाही. उद्या तीच गिटार दुप्पट किमतीला विकली गेल्याचे मुलाच्या कानावर गेले असते, तर वीस-पंचवीस वर्षांचे गुरुघराचे नाते एका पावतीवर संपले असते.

म्हणून वाद्य हातात घेण्याआधी आम्ही क्रम ठरवला. तपासणी मी करायची, तिचा लेखी अहवाल थेट काकूंना आणि मुलाला द्यायचा, तपासणीचे पैसे वादकाकडून घ्यायचे नाहीत, आणि अहवालातील किमतीला गिटार घेण्याचा पहिला हक्क वादकाला ठेवायचा. तो हक्क वापरायचा की नाही हे त्याने पंधरा दिवसांत सांगायचे. मुलाला ही पद्धत फोनवर समजावून सांगितल्यावर त्याच्या बोलण्यातला ताठरपणा बराच कमी झाला. या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय माझ्या मते हाच होता, आणि तो गिटारीची पेटी उघडण्याच्या आधी झाला याला मी फार महत्त्व देतो. आकडा समोर आल्यानंतर नियम ठरवायला बसले की प्रत्येक नियमामागे कोणाचा तरी फायदा दिसू लागतो.

जुन्या वाद्याची तपासणी

मुलाने पाहिलेली किंमत खोटी नव्हती. ती दुसऱ्या काळातील वाद्याची होती. लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बेस १९५१ मध्ये बाजारात आणली, १९५७ मध्ये तिला आज सर्वांच्या ओळखीचा दोन तुकड्यांचा पिकअप (तारांच्या कंपनाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारा भाग) मिळाला आणि १९६० मध्ये जॅझ बेस आली. १९६५ च्या प्रारंभी कंपनी सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीच्या ताब्यात गेली. संग्राहक या वर्षाला सीमारेषा मानतात. तिच्या आधीची वाद्ये अतिशय महाग आहेत. १९७०च्या दशकातील वाद्यांना मागणी असली तरी ती पुष्कळ खालच्या पायरीवर आहेत. मुलाने १९६२ सालच्या वाद्याची जाहिरात पाहिली होती, आणि जाहिरातीत मागितलेली किंमत म्हणजे प्रत्यक्षात मिळालेली किंमत नव्हे, हेही त्याच्या लक्षात आले नव्हते. जुन्या वाद्याचा भाव पाहायचा असेल तर पूर्ण झालेले व्यवहारच पाहावेत; मागणीचा आकडा विकणारा हवा तेवढा लिहू शकतो.

गिटारीच्या डोक्यावरील क्रमांक एस७ या अक्षरांनी सुरू होत होता. फेंडरने १९७६ पासून क्रमांक नेकच्या (गिटारीच्या मानेच्या) मागील पत्र्याऐवजी डोक्यावर छापायला सुरुवात केली आणि एस७ म्हणजे साधारण १९७७. मात्र हे क्रमांक पुढच्या-मागच्या वर्षांत मिसळलेले आढळतात आणि नेक बदललेली असेल तर क्रमांक फक्त नेकचे वय सांगतो. म्हणून आतली खूण पाहावी लागते. आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालच्या पॉटवर १३७७६३९ असा आकडा होता. त्यातील १३७ हा सीटीएस या उत्पादकाचा संकेत, ७६ हे वर्ष आणि ३९ हा आठवडा. याचा अर्थ ते पॉट १९७६ च्या सप्टेंबरअखेरीस तयार झाले आणि गिटार त्यापूर्वीची असू शकत नाही. क्रमांकाशी हे जुळत होते. टोनचे पॉट मात्र नंतर बसवलेले, स्थानिक बनावटीचे होते, त्यामुळे पुरावा एकाच पॉटवर टेकलेला होता.

तो पुरावा भक्कम केला एका छायाचित्राने. काकूंनी अल्बममधून काढून दिलेल्या कृष्णधवल छायाचित्रात गुरू ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बसलेले आहेत, मांडीवर हीच गिटार आहे आणि तिच्या कडा गडद व मध्यभाग फिका दिसतो. म्हणजे मूळ रंग सनबर्स्ट होता. आज गिटार पूर्ण काळी होती. नेक उतरवल्यावर तिच्या खाचेत आणि पिकअपच्या पोकळीत काळ्या रंगाखाली सनबर्स्टचे अवशेष स्पष्ट सापडले. १९८०च्या दशकात गुरूंनी ती रंगवून घेतली होती; काकूंना ते आठवत होते, "नवी दिसावी म्हणून." एखादे वाद्य रोजच्या कामासाठी वापरणाऱ्या माणसाने तसे करणे स्वाभाविक होते, परंतु संग्राहकांच्या बाजारात पुन्हा रंगवलेल्या वाद्याची किंमत ढोबळमानाने निम्मी धरली जाते.

पिकअपमध्ये आणखी एक गोष्ट निघाली. प्रिसिजनच्या पिकअपचा एक तुकडा जाड दोन तारांसाठी आणि दुसरा बारीक दोन तारांसाठी असतो, आणि दोन्ही एकापाठोपाठ जोडलेले असतात. संपूर्ण पिकअपचा रोध सामान्यतः दहा-अकरा किलोओहम भरतो, म्हणजे प्रत्येक तुकड्याचा पाचच्या थोडा वर. येथे एक तुकडा ५.३ आणि दुसरा ७.१ भरला. दुसरा तुकडा कधीतरी जळाल्यावर किंवा तुटल्यावर स्थानिक कारागिराने जास्त वेढे देऊन पुन्हा गुंडाळला होता. म्हणूनच वाजवताना बारीक तारा जाड तारांपेक्षा उठून येत होत्या. चारपैकी एक खुंटी बदललेली होती, ब्रिजवरचे स्टीलचे झाकण नव्हते आणि मूळ पेटीही नव्हती.

जमेच्या बाजूला नेक सरळ होती, नेकचा सांधा घट्ट होता, फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) झिजले असले तरी मूळचे होते. फ्रेटबोर्ड शिसवीचा होता. या लाकडाबाबत विक्रेत्यांना धास्ती वाटते, कारण २ जानेवारी २०१७ पासून शिसवीच्या सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सायटीस या, संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराचे नियमन करणाऱ्या, कराराचे निर्बंध आले होते. परंतु २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझीलची शिसवी ही वेगळी आणि कडक बंधनातली गोष्ट आहे. १९७७ च्या फेंडरमध्ये तो प्रश्न उद्भवत नव्हता.

या सर्वांवरून मी किंमत अशी मांडली : त्याच काळातील पूर्ण मूळ स्थितीतील वाद्याच्या झालेल्या व्यवहारांचा मधला आकडा घेतला, रंगासाठी तो निम्मा केला, पुन्हा गुंडाळलेला पिकअप, बदललेले पॉट आणि खुंटी यांसाठी आणखी वजावट केली. छायाचित्रासाठी मी किंमत वाढवली नाही, पण ओळख पटवणारा कागद म्हणून ते वाद्यासोबत द्यावे असे सुचवले. अहवालात १,१०,००० ते १,३०,००० रुपये अशी मर्यादा लिहिली. मुलाने अहवाल वाचून दोन दिवस घेतले, स्वतः काही व्यवहार तपासले आणि ती मर्यादा मान्य केली.

आवाजाच्या तक्रारीची तपासणी

आता वादकापुढे खरा पेच होता. जवळजवळ सगळी बचत फेंडरवर घालवली तर ॲम्प तोच राहणार होता. म्हणून दोष नेमका कुठे आहे हे निर्णयापूर्वी पाहणे भाग होते. त्याच्या ओळखीच्या साउंडवाल्याकडून ५०० वॉटचे हेड (स्पीकर नसलेला सुटा ॲम्प) आणि दहा इंची दोन स्पीकरचा बॉक्स एका दिवसासाठी भाड्याने आणला आणि तालमीच्या सभागृहात चारही जोड्या वाजवून पाहिल्या : त्याची गिटार जुन्या काँबोवर, फेंडर जुन्या काँबोवर, त्याची गिटार नव्या बॉक्सवर आणि फेंडर नव्या बॉक्सवर. वाजवणारा तोच, ओळ तीच, सोबत ढोलक आणि कीबोर्ड. ऐकणारे शेवटच्या रांगेत, रंगमंचाकडे पाठ करून बसले.

निकालाबद्दल कोणाचेच दुमत झाले नाही. बॉक्स बदलल्याचा फरक शेवटच्या रांगेत प्रत्येकाला कळला. गिटार बदलल्याचा फरक कळला तो मुख्यतः वाजवणाऱ्याला. फेंडरचा आवाज दाट होता, तो त्याला मनापासून आवडला होता आणि ती आवड खोटी नव्हती. परंतु जुन्या काँबोवर फेंडरचाही तसाच गुरगुराट झाला.

यामागची कारणे समजून घेण्यासारखी आहेत, कारण बेसवादकांचे बरेच पैसे ती माहीत नसल्यामुळे चुकीच्या ठिकाणी जातात. चार तारी बेसची सर्वांत खालची मोकळी तार ४१.२ हर्ट्झवर बोलते. लहान बॉक्समधला एक बारा इंची स्पीकर ध्वनीच्या त्या पट्टीत, म्हणजे कंपनसंख्येच्या त्या टप्प्यात, फार थोडा आवाज देतो. ते भरून काढण्यासाठी वादक ॲम्पवरचे बेसचे बटण पूर्ण उघडून ठेवत असे. एखादी पट्टी दहा डेसिबलने उचलायची तर तेथे दहापट वॉट लागतात. साठ वॉटचा ॲम्प ते देऊ शकत नाही. त्याचा आवाज फाटू लागतो. त्यातच त्याने मधल्या पट्ट्या कमी केल्या होत्या, आणि ढोलक, कीबोर्ड व गायकांच्या गर्दीत बेसचा सूर ओळखू येतो तो मधल्या पट्ट्यांमुळेच. म्हणजे जे ॲम्पला देता येत नव्हते ते तो मागत होता आणि जे देता येत होते ते त्याने बंद केले होते.

वॉटच्या आकड्याचाही असाच गैरसमज आहे. साठाचे एकशेवीस वॉट केले की वाढ होते फक्त तीन डेसिबल. आवाज कानाला दुप्पट वाटण्यासाठी साधारण दहा डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. याउलट तीन डेसिबल अधिक कार्यक्षम स्पीकर घेतला तर त्याच ॲम्पची शक्ती दुप्पट केल्यासारखे होते. म्हणून ॲम्प पाहताना मी आधी बॉक्स पाहतो आणि मग वॉट.

याच तपासणीत एक फुकटचा उपाय सापडला. मांडवात त्याच्या गिटारीतून घरघर येई. जॅझ बेसच्या धर्तीच्या गिटारीत दोन एकेरी पिकअप उलट दिशेने गुंडाळलेले असतात. दोन्हींचा आवाज पूर्ण उघडा असेल तेव्हा दोन्हींतली विजेची घरघर एकमेकींना रद्द करते. तो सवयीने पुढचा पिकअप निम्मा ठेवत होता. दोन्ही पूर्ण उघडल्याबरोबर घरघर बहुतांशी गेली.

पर्याय

वादकापुढे चार पर्याय होते. पहिला, अहवालातील किमतीला फेंडर घेऊन ॲम्प पुढच्या वर्षावर टाकणे. या पर्यायात भावना होती, वाद्य उत्तम होते आणि त्याचे मोल टिकण्याची शक्यताही चांगली होती. पण रंगमंचावरची तक्रार जशीच्या तशी राहिली असती. शिवाय गिटारीचे वजन ४.७ किलो होते. साडेतीन तासांचा कार्यक्रम उभ्याने वाजवणाऱ्या आणि आधीच खांदा दुखणाऱ्या माणसासाठी ही बाब किरकोळ नव्हती.

दुसरा, फेंडर न घेता पाच तारी गिटार घेणे. याला आमच्याकडच्या संगीतात सबळ कारण आहे. गायकाची पट्टी काळी एक असेल तर चार तारी बेसवर षड्ज दुसऱ्या जाड तारेच्या चौथ्या फ्रेटवर, ६९.३ हर्ट्झला मिळतो. त्याखालचा षड्ज चार तारीवर नाहीच. पाच तारीच्या जाड तारेवर तो दुसऱ्या फ्रेटवर ३४.६ हर्ट्झला मिळतो आणि नव्या हिंदी गाण्यांत तो वारंवार लागतो. गरज खरी होती. मात्र ज्या काँबोला ४१ हर्ट्झ पेलत नव्हते त्याला ३४ देणे म्हणजे तक्रार वाढवणे होते. पाच तारी घ्यायची तर ती ॲम्पच्या नंतर.

तिसरा, अमेरिकेहून नातेवाइकाने आणलेला एक जुना, नावाजलेला ट्यूबचा ॲम्प स्वस्तात मिळत होता. आवाज अप्रतिम होता, पण तो १२० व्होल्टचा होता आणि आपल्याकडे २३० व्होल्ट. रूपांतरासाठी जड ट्रान्सफॉर्मर सोबत वागवावा लागला असता, आणि घाईत कोणी तो थेट सॉकेटला लावला असता तर ॲम्प तेथेच संपला असता. शिवाय दोन माणसांनी उचलायचे ते धूड घेऊन रिक्षाने कार्यक्रमाला जाता येत नाही. हा पर्याय आम्ही लवकर सोडला.

चौथा, हलके हेड, एक चांगला बॉक्स आणि एक डीआय बॉक्स (गिटारीचा आवाज थेट मिक्सरकडे नेणारे छोटे यंत्र) घेणे, असलेली गिटार नीट जुळवून घेणे आणि उरलेले पैसे राखून ठेवणे.

कार्यवाही

वादकाने चौथा पर्याय निवडला आणि पंधरा दिवसांची मुदत संपण्यापूर्वी काकूंना स्वतः जाऊन सांगितले की फेंडर तो घेणार नाही. हे सांगणे त्याला जड गेले. गुरूंचे वाद्य आपल्याकडे यावे असे त्याला वाटत होते आणि काकूंनाही तसेच वाटत होते. पण त्याने विक्रीची सर्व धावपळ स्वतःकडे घेतली, आणि काकूंना ती त्या पैशांपेक्षा मोलाची वाटली.

खरेदीची सुरुवात डीआय बॉक्सपासून केली, कारण मोठ्या कार्यक्रमात प्रेक्षकांपर्यंत जाणारा आवाज वादकाच्या ॲम्पमधून जात नाही, साउंडवाल्याच्या मिक्सरमधून जातो. आतापर्यंत त्याच्या काँबोच्या साध्या आउटपुटमधून लांबलचक वायर मिक्सरपर्यंत जात होती. त्यात घरघर मिसळत होती आणि वरच्या पट्ट्या गळत होत्या. गिटारीसाठी योग्य इनपुट आणि बॅलन्स्ड (लांब वायरमध्येही घरघर शिरू न देणारे) आउटपुट असलेला डीआय बॉक्स १४,००० रुपयांना घेतला. त्यावरचे ग्राउंड लिफ्टचे बटण फक्त आवाजाच्या वायरचे अर्थिंग तोडते. येथे एक गोष्ट ठामपणे सांगतो : घरघर घालवण्यासाठी ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन काढण्याची पद्धत मांडवांत सर्रास दिसते आणि ती जीवघेणी आहे. जनरेटरवर चालणाऱ्या, पावसात भिजलेल्या मांडवात गिटारीच्या तारांना हात आणि माइकला ओठ लावणाऱ्या माणसाचे संरक्षण त्या एका पिनवर असते.

हेड नवे घेतले : क्लास डी प्रकारचे, ४ ओहमला ५०० वॉट देणारे, १०० ते २४० व्होल्टवर चालणारे आणि तीन किलोंच्या आत वजन असलेले. त्याला ५०,००० रुपये पडले. बॉक्स मात्र मुंबईतील एका वादकाकडून वापरलेला घेतला, दहा इंची दोन स्पीकरचा, ८ ओहमचा. वापरलेला बॉक्स घेताना आम्ही मीटरने रोध मोजला. आठ ओहमचा बॉक्स मीटरवर साडेपाच ते सातच्या दरम्यान दाखवतो, येथे ६.१ आला. कोन बोटांनी समतोल आत ढकलून कॉइल घासल्याचा आवाज येतो का ते ऐकले, कडांना चिरा नाहीत हे पाहिले आणि पोर्टजवळ नाक नेऊन जळका वास नाही याची खात्री केली. ३२,००० रुपयांत व्यवहार झाला. गिटारीचे फ्रेट समतल करणे, नेकचा वाक दुरुस्त करणे, पोकळीचे शील्डिंग आणि नव्या तारा यांना ६,००० रुपये लागले. एकूण खर्च १,०२,००० रुपये झाला.

फेंडरच्या बाबतीत आम्ही जवळजवळ काहीच केले नाही, आणि तो निर्णय विचारपूर्वक होता. एका कारागिराने वायरिंग नवे करून, पिकअप बदलून, शक्य झाल्यास सनबर्स्ट परत चढवून देण्याची तयारी दाखवली होती. विकण्यापूर्वी वाद्य सजवावे असे घरच्यांना वाटणे साहजिक होते. परंतु पुन्हा चढवलेला सनबर्स्ट हा दुसरा नवा रंगच ठरतो, आणि जुने सोल्डरिंग उकलले की वयाचा उरलेला पुरावाही जातो. फक्त धूळ पुसली, तारा बदलल्या आणि नेकचा वाक जुळवला. या गिटारीत तो स्क्रू नेकच्या बुंध्याशी असल्यामुळे त्यासाठीही नेक उतरवावी लागली. त्याच वेळी खाचेतील रंगाची आणि पॉटवरच्या आकड्याची छायाचित्रे काढून अहवालाला जोडली. जाहिरातीत प्रत्येक उणीव आधी लिहिली.

निष्पत्ती

गोव्यातील एका व्यावसायिक बेसवादकाने पुण्यात येऊन गिटार वाजवून पाहिली, अहवाल वाचला आणि १,२२,००० रुपयांना घेतली. पैसे थेट काकूंच्या खात्यात जमा झाले. विक्रीची साधी पावती केली, तिच्यावर गिटारीचा क्रमांक लिहिला आणि छायाचित्राची प्रत सोबत दिली. मूळ छायाचित्र काकूंकडे राहिले.

वादकाच्या बाजूने सांगायचे तर पहिल्याच मोठ्या कार्यक्रमात साउंडवाल्याने गिटार बदलली का असे विचारले. बेसचे बटण आता मध्यावर असते आणि मधल्या पट्ट्या किंचित वर. छोट्या कार्यक्रमांत बॉक्स एकटा पुरतो. उघड्या मैदानात तो फक्त वादकाला आणि ढोलकवाल्याला ऐकू येण्यापुरता ठेवला जातो आणि बाकीचे काम डीआय बॉक्स करतो. खांद्याचे दुखणे मात्र गेले नाही. त्यासाठी त्याने रुंद पट्टा घेतला आणि डॉक्टरांकडेही गेला.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी घर धुंडाळायला हवे होते. विक्रीनंतर काही महिन्यांनी काकूंना जुन्या ट्रंकेत गिटारीच्या ब्रिजचे स्टीलचे झाकण आणि मूळ खुंटी सापडली. मूळ सुटे भाग स्वतंत्रपणेही चांगल्या किमतीला जातात, आणि वाद्यासोबत असते तर मर्यादेच्या वरच्या टोकाच्या पलीकडे बोलता आले असते. गोव्याच्या वादकाला कळवल्यावर त्याने ते भाग वेगळे पैसे देऊन घेतले. तरीही एकत्र विक्रीत मिळाली असती तेवढी रक्कम मिळाली नाही. घरातील वाद्य विकायचे असेल तर ट्रंका, पिशव्या, खिळ्यांचे डबे आणि जुनी बिले आधी तपासावीत, आणि निरुपयोगी वाटणारा एकही स्क्रू फेकू नये.

दुसरे, भाड्याच्या बॉक्सवरची चाचणी वर्षभर आधी करता आली असती. तिला एका नाइटपेक्षा कमी खर्च आला. वादकाने त्याआधीच्या दोन हंगामांत पिकअप आणि महागड्या तारा बदलून पाहिल्या होत्या आणि कशानेच फरक पडला नव्हता, कारण अडचण साखळीच्या दुसऱ्या टोकाला होती.

तिसऱ्या मुद्द्यावर माझे आणि वादकाचे मत वेगळे आहे. त्याला वाटते की फेंडर हप्त्यांनी घेता आली असती. काकू थांबल्या असत्या. मला वाटते की उधारीने ते नाते पुन्हा त्याच अवघड जागी गेले असते, जेथून बाहेर काढण्यासाठी आम्ही इतका क्रम पाळला होता. एखादा हप्ता पावसाळ्यात कार्यक्रम नसल्यामुळे चुकला असता तर काकूंनी काही म्हटले नसते, आणि न म्हटलेले तेच त्याला टोचत राहिले असते. यावर आमचे एकमत झालेले नाही.

पुढची खरेदी पाच तारीची आहे. त्यासाठी ४८,००० रुपये शिल्लक आहेत. ती आल्यावर आणखी खालच्या पट्टीसाठी त्याच बनावटीचा दुसरा ८ ओहमचा बॉक्स लागेल. दोन्ही समांतर जोडले की ४ ओहम होतात, हेडला ती किमान मर्यादा चालते, आणि वाढलेली शक्ती व दुप्पट झालेले कोन मिळून खालच्या पट्टीत सुमारे सहा डेसिबलची वाढ मिळते. म्हणून त्याने मुंबईच्या त्याच वादकाला दुसरा बॉक्स कोणाला न देण्याची विनंती करून ठेवली आहे. चार ओहमचा बॉक्स स्वस्तात मिळाला तरी घ्यायचा नाही, हे त्याला स्पष्ट सांगितले आहे, कारण चार आणि आठ समांतर जोडले की अडीच-पावणेतीन ओहम होतात आणि ते या हेडच्या मर्यादेखाली जाते.